चौतीस पेपर

जंगम गुरुजींनी खिशातला रुमाल काढून खुर्ची पुसली, तिच्यावर बायकोला बसवलं आणि स्वतः उभेच राहिले. दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर माझ्या फायलींचा ढीग होता. मी तो उचलेपर्यंत त्यांनी कामाचं बोलायला सुरुवात केली होती.

त्यांना उपासनी सरांचे छापून आलेले संशोधनाचे पेपर बघायचे होते. सगळे नकोत, फक्त व्हीएम-अकरावरचे.

व्हीएम-अकरा हे आमच्या सरांचं औषध. चांदोलीच्या बाजूला सापडणाऱ्या एका वेलीच्या मुळापासून काढलेलं. मिरजेतल्या आमच्या फार्मसी कॉलेजात सर बारा वर्षं त्याच्यामागे होते, आणि स्मृतिभ्रंशावर ते चालेल असं उंदरांवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं होतं. आता ते पहिल्यांदाच माणसांना देऊन बघायचं ठरलं होतं. गावातल्याच एका हॉस्पिटलात ट्रायल सुरू होणार होती आणि गुरुजींच्या पत्नीचं, गिरिजाबाईंचं नाव तिच्यात घेतलेलं होतं. अट एकच होती. त्यांची चालू गोळी ट्रायलच्या चार आठवडे आधी बंद करायची.

"ही गोळी घेते तोवर सकाळी मला ओळखते," गुरुजी म्हणाले. "दुपारनंतर जरा घोटाळा होतो, पण सकाळ माझी असते. आता तुम्ही लोक म्हणता गोळी बंद करा. करतो की. पण कशाच्या भरवशावर करायची, तेवढं बघू द्या."

विट्याच्या अलीकडच्या एका गावात त्यांनी सदतीस वर्षं मास्तरकी केली होती. माझ्यासमोर ते उभे होते ते मात्र परीक्षेला आलेल्या मुलासारखे. मला ते आवडलं, हे आज कबूल करते. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, सरांच्या हाताखाली पीएचडी करत होते आणि स्वतःला भलतीच हुशार समजत होते.

सरांच्या प्रकाशनांची यादी सांभाळणं हे माझंच काम होतं. नवा पेपर छापून आला की सर मला बोलवायचे, नाव-साल-पृष्ठक्रमांक सांगायचे, आणि मी टाईप केल्यावर पट्टी ठेवून ओळ न् ओळ तपासायचे. एकदा स्वल्पविराम राहिला म्हणून त्यांनी पान परत छापायला लावलं होतं. एकूण एकसष्ट पेपर होते, त्यातले चौतीस व्हीएम-अकरावरचे. विद्यापीठात एवढी यादी दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि ती मी सांभाळते याचा मला सरांइतकाच तोरा होता. मी त्या चौतिसांची यादी छापून गुरुजींच्या हातात दिली.

त्यांनी प्रत्येक नावावर बोट ठेवलं. इंग्रजी वाचता येत होतं, पण शब्द अवघड होते, म्हणून प्रत्येकाचा अर्थ मला विचारला. अर्धा-पाऊण तास गेला. गिरिजाबाई तेवढ्या वेळात मला तीनदा म्हणाल्या, "जेवलीस का गं?" आणि मी तिन्ही वेळा हो म्हणाले.

शेवटी गुरुजींनी कागदाची घडी घातली. "यातला एखादा तरी असा आहे का, बाई, की औषध चाललं नाही?"

"एकही नाही. चौतीसच्या चौतीस चांगले आहेत. निर्धास्त गोळी बंद करा, गुरुजी."

शेवटचं वाक्य मला कुणी सांगायला लावलं नव्हतं. ते माझं मीच म्हणाले.

आमचे प्रयोग कसे चालत ते आता सांगायला हवं. एक मोठी गोल टाकी होती. तिच्यातल्या पाण्यात दुधाची पावडर मिसळून ते पांढरं करायचं, आणि एका बाजूला पाण्याखाली बोटभर खोल एक चौथरा ठेवायचा. उंदराला पाण्यात सोडलं की तो पोहत सुटतो, कधीतरी त्या चौथऱ्यावर चढतो आणि सुटतो. रोज सोडत गेलं की जागा त्याच्या लक्षात राहते. मग त्याला विसरायला लावणारं इंजेक्शन द्यायचं. अशा उंदरांचे दोन गट करायचे. एकाला आधी आठ दिवस औषध पाजलेलं असतं, दुसऱ्याला नुसतं पाणी. औषधाच्या गटाला चौथरा लवकर सापडला, तर औषध आठवण टिकवतं. सरांच्या प्रयोगांत तो नेहमीच लवकर सापडायचा.

उंदीरघर सांभाळायचे सोपानमामा खाडे. अठ्ठावीस वर्षं नोकरी, आणि प्राण्याला हात लावायची अशी काही रीत, की चावरा उंदीरसुद्धा त्यांच्या तळहातावर गप्प बसायचा. उंदराला औषध पाजायचं म्हणजे वाकडी बोथट सुई त्याच्या घशात उतरवायची. हात थरथरला की उंदीर मरतो, नाहीतर औषध सांडतं. व्हीएम-अकरा तर चिमूटभर मिळायचं. डोंगरातून पोतंभर मुळं आणावी तेव्हा कुठं बाटलीचा तळ झाकायचा. फार वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यानं महिन्याचं औषध एका सकाळी सांडलं, तेव्हापासून सरांचा नियम होता. औषध मामांच्याच हातून जायचं. पाणी कुणीही पाजा.

टाकीपाशीही मामाच असायचे. चौथऱ्याच्या बाजूला टॉवेल घेऊन उभे राहायचे, आणि उंदीर चढला की उचलून पोटाशी धरून पुसायचे. मी नवीन असताना एकदा म्हणाले होते, मामा, लांब उभे राहा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी तान्ह्या मुलाला ओल्यात ठेवायला सांगतेय.

"भिजल्यालं जनावर लगी पुसाया नको व्हय?" ते म्हणाले होते. "गारठून मरंल की त्ये."

आमच्या लॅबमध्ये उंदीर मरत नाहीत, हे सर मोठ्या अभिमानानं सांगायचे.

गुरुजी येऊन गेले त्याच आठवड्यात मामांनी बारा दिवसांची रजा घेतली. मुलीचं बाळंतपण होतं, जतला. माझ्या प्रबंधातला शेवटचा प्रयोग राहिला होता, म्हणून मी तो एकटीनं उरकायचं ठरवलं. दोन्ही गटांना मीच पाजलं. माझा हात तोवर बरा बसला होता. दुपारी खिडकीतून पाण्यावर ऊन पडायचं, म्हणून चौथरा मी समोरच्या बाजूला सरकवला. टाकीपाशी कुणी उभं राहिलं नाही. मी खोलीच्या दाराशी घड्याळ घेऊन बसले.

दोन्ही गट सारखेच निघाले. पाणी प्यायलेले आणि औषध प्यायलेले, सगळेच वेड्यासारखे टाकीभर फिरत होते.

मी घाबरले. औषधाबद्दल शंका अजिबात आली नाही. माझ्याच हातून काहीतरी चुकलं, आता वर्ष वाया जाणार, एवढंच डोक्यात होतं. सरांना सांगितलं तर त्यांनी शांतपणे विचारलं, पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या नाहीत ना? म्हणजे त्यांच्याही मनात तेच. मामा येईपर्यंत थांब, पुन्हा कर, म्हणाले.

मामा पेढे घेऊन आले. नातू झाला होता. त्यांनी आठ दिवस औषधाच्या गटाला पाजलं, एका बीफार्मच्या मुलीनं दुसऱ्या गटाला पाणी पाजलं, रोज दोन्ही गटांना टाकीत सोडून जागा शिकवली, आणि नवव्या दिवशी सकाळी विसरायचं इंजेक्शन देऊन आम्ही पुन्हा टाकी भरली. चौथरा मी सरकवलेल्या जागीच होता. मामा मात्र सवयीनं आपल्या जुन्या जागी, खिडकीखाली, टॉवेल घेऊन उभे राहिले. आठ दिवस मीही त्यांना तिथं उभं बघून काही बोलले नव्हते.

पहिला उंदीर सोडला. तो सरळ मामांच्या दिशेनं गेला. चौथरा तिकडं नव्हता. तो टाकीच्या गुळगुळीत भिंतीला पाय मारत राहिला, वर मान करून. मामांनी त्याला उचललं, पुसलं. दुसरा सोडला, तोही तिकडंच. तिसराही. औषधाच्या गटातल्या दहापैकी आठ उंदीर मामांच्या पायाशी जाऊन भिंत ओरबाडत होते. पाण्याच्या गटातले सगळीकडं भटकत होते.

माझ्या हातातलं घड्याळ चालूच राहिलं. ते बंद करायचं मला सुचलं नाही.

सर आले तेव्हा दहा वाजले होते. मी काय बघितलं ते सांगितलं, तर त्यांनी टोमणा मारला, की कुलथे, तुला प्रबंधात कादंबरी लिहायची आहे का? पण ते खोलीत आले. त्यांनी मामांना दाराच्या बाजूला उभं राहायला सांगितलं. उंदीर सोडला. तो दाराकडं गेला. त्यांनी मामांना कपाटापाशी उभं केलं. उंदीर कपाटाकडं गेला. मग त्यांनी मामांना बाहेर व्हरांड्यात पाठवलं, दार लावून घेतलं आणि उंदीर सोडला. तो गोल गोल फिरत राहिला. सरांनी सातदा हेच केलं. शेवटच्या वेळी त्यांनी स्वतःच टाकीत हात घालून उंदीर काढला. त्यांना तो नीट धरता येत नव्हता.

मामा आत आले. "काय चुकलं का सायब माझं?"

"नाही, मामा," सर म्हणाले. "तुमचं काही चुकलेलं नाही."

मग ते कपाटातल्या जुन्या वह्या काढून बसले. रोज कुठल्या गटाला कुणी पाजलं याची त्यात सही असायची. औषधाच्या रकान्यात पहिल्या पानापासून एकच सही होती, 'सो. खा.' शेजारच्या रकान्यात विद्यार्थ्यांच्या, दर महिन्याला नवी. बारा वर्षांच्या वह्या. सर बोट लावून पानं उलटत होते, ते यादी तपासायचे तसेच. पेपरांत आम्ही सगळं लिहिलं होतं. उंदराचं वजन, पाण्याचं तापमान, टाकीचा व्यास. कुणी पाजलं, ते कुठंच नव्हतं. ते लिहायचं असतं असं आमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"दुसऱ्या तीन लॅबनाही औषध चालतं असंच दिसलं होतं ना, सर?" मी म्हणाले. मला अजून कुठंतरी फट हवी होती.

"त्या तिन्ही लॅब माझ्या विद्यार्थ्यांच्या आहेत. जाताना इथलीच पद्धत घेऊन गेले. औषध हात बसलेल्या माणसानंच पाजायचं आणि टाकीपाशी त्यानंच उभं राहायचं." त्यांनी वही मिटली. "मीच शिकवलं त्यांना."

सर येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते. ते सगळं दाबून टाकतील अशी भीती मला वाटली होती, आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही वाटली होती. त्यांनी दाबलं नाही. दुसऱ्या दिवशी ते ट्रायल मंजूर करणाऱ्या कमिटीपुढं पत्र घेऊन गेले. वह्या उचलायला मी बरोबर होते.

कमिटीचे अध्यक्ष मोठे डॉक्टर होते आणि सरांना फार मान देणारे. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग समोरच्या फायलीतून मी टाईप केलेली यादी काढली.

"सर, आम्ही मंजुरी दिली ती याच्यावर. चौतीस पेपर. यातला कुठला खोटा आहे?"

"खोटा एकही नाही. चुकीचे सगळे आहेत."

"वीस उंदरांच्या एका प्रयोगावरून?"

"आणि बारा वर्षांच्या वह्यांवरून."

अध्यक्षांनी वह्या चाळल्या. त्यात त्यांना सह्यांशिवाय काहीच दिसेना, आणि त्यांची तरी काय चूक? त्यांनी सरांना विचारलं, औषधानं अपाय होतो का? सर म्हणाले, नाही, औषध निरुपद्रवी आहे. मग थांबवायचं कशासाठी, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, या लोकांनी चालू गोळ्या बंद केल्या आहेत, अपाय तिथं होतोय. त्यावर उत्तर आलं, की त्या नातेवाइकांच्या संमतीनं बंद केल्या आहेत, कागद सह्यांचे आहेत. सरांनी नव्यानं प्रयोग करून सविस्तर अहवाल द्यावा, कमिटी जरूर विचार करेल. सहा महिने मिळतील. ट्रायल ठरल्याप्रमाणे सोमवारी सुरू होईल.

उठताना अध्यक्ष सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "निवृत्ती जवळ आली की माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो, सर. तुमचं काम तुमच्यापेक्षा मोठं झालंय आता."

सरांनी पुढच्या दोन दिवसांत ज्या ज्या मासिकांत ते पेपर आले होते त्या सगळ्यांना पत्रं लिहिली, की माझा पेपर मागे घ्या. मीच टाईप केली. उत्तरं पुढच्या वर्षभरात आली, तीही चार. एका संपादकानं कळवलं, की दुसऱ्या कुणी तक्रार केलेली नसल्यामुळे कारवाई करता येत नाही. ज्यांनी बारा वर्षं सरांचा शब्द डोळे मिटून छापला, त्यांना तोच शब्द आता पुरत नव्हता.

रविवारी मी एसटीनं गुरुजींच्या गावी गेले. सरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी जा म्हटलं असतं, पण मला ते काम कुणाच्या सांगण्यावरून करायचं नव्हतं.

गुरुजी सोप्यात शेंगा फोडत बसले होते. गिरिजाबाई समोर खांबाला टेकून. गोळी बंद होऊन साडेतीन आठवडे झाले होते. मी दारात दिसताच गिरिजाबाईंनी पदर सावरला आणि गुरुजींकडं बघून म्हणाल्या, "मास्तर, पाव्हणं आल्यात. तुमी आता घरला जावा. आमचं ह्ये येतील एवढ्यात."

"जातो," गुरुजी म्हणाले आणि शेंगा फोडत राहिले.

मला म्हणाले, पंधरा दिवसांपासून असंच आहे. सकाळही गेली. आता चोवीस तास मी शाळेतला मास्तर. जेवायला वाढते, पण पाहुण्याला वाढावं तसं, आणि आग्रह करते.

मी त्यांना सगळं सांगितलं. टाकी, चौथरा, मामा, टॉवेल. मास्तर माणूस, मध्ये एकदाही बोलले नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी हातातली शेंग सुपात ठेवली.

"म्हणजे त्या उंदरांना जागा आठवत नव्हती."

"नाही."

"औषधानंही काही होत नव्हतं."

"नाही, गुरुजी."

"पण माणूस आठवत होता. विसरायचं इंजेक्शन दिलेलं असताना."

मी हो म्हणाले. पुढं काय येणार ते मला ऐकायचं नव्हतं.

"आठ दिवसांत?" ते म्हणाले. "बाई, मी बेचाळीस वर्षं हिच्यासंगं आहे."

उंदरांना दिलेल्या इंजेक्शनाचा परिणाम तासाभरात उतरतो, हा आजार तसा नसतो, हे सगळं मला माहीत होतं. त्यातलं काही तिथं बोलण्यासारखं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, की उद्या ट्रायलला येऊ नका. जुनी गोळी आजच्या आज सुरू करा.

"सुरू केली तर गेलेलं माघारी येतं?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. एकदा निर्धास्त म्हणून बसले होते, म्हणून बोलले नाही. "बहुतेक नाही. पुढची घसरण जरा हळू होईल."

गुरुजी उठले. आतून तो कागद घेऊन आले. घडी घालून घालून तो चार ठिकाणी विरला होता. प्रत्येक पेपराच्या नावापुढं त्यांनी पेन्सिलीनं, मी सांगितलेला मराठी अर्थ बारीक अक्षरांत लिहून ठेवला होता.

"हे चौतीस वेळा छापलंय," ते म्हणाले. "तुम्ही एकट्या येऊन एकदा सांगताय. रागावू नका. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण तुमचं खरं धरलं तर मी माझ्या हातानं हिची सकाळ घालवली, असं होतं. मग मला इथं बसता यायचं नाही."

"चूक माझी आहे, गुरुजी. मी म्हणाले होते निर्धास्त बंद करा."

"गोळी मी बंद केली. डबीतून काढून मोरीत टाकल्या." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "मागं जायला वाट नाही म्हणता. मग पुढं तरी जाऊ द्या."

मी आणखी तासभर बसले असेन. चार वेगवेगळ्या तऱ्हांनी तेच सांगून बघितलं. सरांचं पत्र दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते आणि मध्येच माझ्यापुढं शेंगा सरकवत होते. शेवटी परतीच्या गाडीची वेळ झाली. गिरिजाबाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, जेवून तरी जायचं होतंस.

सोमवारी गुरुजी बायकोला घेऊन मिरजेला आले. सगळे आले. एकूण शहाऐंशी जण होते, कुणी गोळीवर परत गेलं नाही. सरांनी नवे प्रयोग केले, मामांना पडद्याआड ठेवून, अहवाल दिला. तो पोचला तेव्हा ट्रायल अर्ध्यावर आली होती, आणि आता मध्येच थांबवली तर आधीचं सगळं वाया जाईल असं कमिटीला वाटलं. मार्चमध्ये सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांची यादी प्राचार्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली, एकसष्टच्या एकसष्ट. सर खाली बघत बसले होते.

जूनमध्ये निकाल आला. औषधाचा काहीही उपयोग झाला नव्हता. मी तोवर ट्रायलच्या ऑफिसात नोंदी सांभाळायचं काम घेतलं होतं. दुसरं कुणी ते नीट करेल असं मला वाटत नव्हतं, किंवा मला तिथून हलता येत नव्हतं.

निकाल सांगायला सगळ्यांना बोलावलं, तेव्हा गुरुजी आले. गिरिजाबाई आता बोलत नव्हत्या. गुरुजींनी त्यांना बाकावर बसवलं, पाय नीट खाली ठेवले, आणि माझ्या टेबलापाशी आले. मी त्यांना निकाल सांगितला. त्यांनी मान डोलावली, जणू कुठल्यातरी मुलाचा निकाल ऐकतायत. त्यांनी माझ्यावर राग काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "हिला काय मिळालं होतं, ते आता सांगता येतं का?"

ट्रायलमध्ये निम्म्यांना खरं औषध देतात आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला काय, ते शेवटपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. संमतीपत्रावर ते लिहिलेलं होतं, गुरुजींनी वाचूनच सही केली होती. त्या आठवड्यात त्याची बंद पाकिटं उघडली गेली होती. मी गिरिजाबाईंचा क्रमांक काढला.

"रिकामी गोळी," मी म्हणाले.

वर्षभर काहीच नाही. जुनी गोळी नाही, नवं औषधही नाही. मी मान खाली घातली. पण वर बघितलं तेव्हा गुरुजींचा चेहरा पार बदलला होता. इतक्या दिवसांत मी तो तसा बघितला नव्हता.

"म्हणजे हिला औषध मिळालंच नाही," ते म्हणाले. "मग हिच्यावर चाललं नाही असं कसं म्हणायचं? आता तरी द्या, बाई. थोडं उरलं असेल की."

मी त्यांना पुन्हा सगळं सांगितलं. औषध चालतच नाही, ते ज्यांना मिळालं त्यांनाही काही झालेलं नाही. त्यांनी प्रत्येक वाक्याला हो हो म्हटलं. माझं संपेपर्यंत ते थांबले, आणि मग टेबलावर दोन्ही हात ठेवून खाली वाकले.

"किती जणांना मिळालं होतं?"

"त्रेचाळीस."

"त्यातलं एकही माणूस घरच्यांना ओळखायला लागलं नाही?"

"नाही, गुरुजी."

"एकदा नीट बघा. एखादं असेल."

आकडे मला पाठ होते. गेल्या चार दिवसांत ती फाईल मी किती वेळा चाळली होती, त्याला गणती नव्हती. तरी मी ती उघडली आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. गुरुजी माझ्या बोटाकडं बघत होते. मी जमेल तेवढं सावकाश वाचत गेले, कारण मी वाचत होते तोवर त्यांना आशा होती. पण त्रेचाळीस नावं वाचायला असा कितीसा वेळ लागतो.